अप्पांचे नऊ मिलीमीटर

सोसायटीची सेक्रेटरी मी कशी झाले ते आधी सांगते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणाला नवल वाटायला नको. निवडणुकीच्या मीटिंगला मी गेले नव्हते. आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत जो मीटिंगला नसतो त्यालाच सेक्रेटरी करतात, कारण नको म्हणायला तो तिथे नसतो. मी बारावीला गणित शिकवते. दिवसभर साठ मुलांना समजावायचं आणि घरी आलं की सोळा गाडीवाल्यांना, असं गेली दोन वर्षं चाललंय.

आमचं पार्किंग इमारतीच्या पोटात, खांबांच्या मधे. बिल्डरने तिथे काँक्रीट ओतलं तेव्हा त्याचा मिस्त्री बहुतेक जेवायला गेला असावा. जमीन कुठे फुगलेली, कुठे बसलेली. एकाने गाडी धुतली की पाणी शेजाऱ्याच्या चाकाखाली जाऊन थांबायचं आणि शेजारी माझ्या दारात येऊन थांबायचा. शेवटी सभेत दोन ठराव झाले. पहिला, जमीन मशीनने घासून सपाट करायची आणि वर रंगाचा थर द्यायचा. दुसरा, जमीन झाली की प्रत्येकाच्या जागेवर नंबर टाकायचे. नंबर कुणाला कुठला, हे भांडण अकरा वर्षं चालू होतं. ते घासकामाच्या मागे ढकललं गेलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हा दुसरा ठराव लक्षात ठेवा, आम्ही तिथेच फसलो.

घासायचं काम मी गोटीरामला दिलं. हा घोटीकडचा माणूस. नऊ वर्षं एका शेठच्या हाताखाली जमिनी घासून त्याने नुकतंच स्वतःचं मशीन घेतलं होतं. सोबत बायको, चिमणाबाई. मशीन तो चालवायचा, उडणारी भुकटी ओढून घ्यायचा मोठा व्हॅक्यूम ती. सोमवारी सकाळी दोघं आले तेव्हा गोटीरामने मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मला बाजूला बोलावलं.

"मॅडम, हे आमचं पयलं काम हाय. शेठ म्हनला, महिन्याभरात मशीन इकून परत येशील माझ्याकडं."

"नाही जायचं परत," मी म्हटलं.

"तेच तुमच्या जमिनीवर हाय आता. एक अमोल साहेब हायेत, त्यांचं चाळीस हजार फुटांचं गोडाऊन घासायचंय. शनिवारी अकरा वाजता ते तुमचं पार्किंग बघायला येनार. म्हनले, मला पट्टीखाली सगळीकडं शून्य पायजे. एक दिसला तरी मी चाललो."

पट्टी म्हणजे दहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी. ती जमिनीवर आडवी ठेवायची आणि जमीन किती वर आलीय ते मोजायचं. जिथे उंचवटा, तिथे गोटीराम लाल खडूने गोल काढत होता, आणि गोलात तो उंचवटा किती मिलीमीटर ते लिहीत होता. एक. चार. अडीच. त्या गबाळ्या जमिनीवर इतकं नेटकं माप मी पहिल्यांदा बघत होते. मला फार बरं वाटलं. मी गाडीवाल्यांना पाच दिवस रस्त्यावर गाड्या लावायची सूचना फळ्यावर लिहिली आणि सासूबाईंना घेऊन निश्चिंत मनाने त्र्यंबकेश्वरला गेले. गोलांचा अर्थ मी एकाही रहिवाशाला सांगितला नाही. ती चूक माझी. माझी चूक मी एकदाच कबूल करते, ती इथे केली.

संध्याकाळी परत आले तर पार्किंगमध्ये सोळाच्या सोळा गाड्या. प्रत्येक गाडी एकेका लाल गोलावर. प्रत्येक गाडीशेजारी तिचा मालक हाताची घडी घालून उभा.

मला बघताच चेअरमन सावळीरामअप्पा पुढे आले. अप्पांची पूर्वी ट्रॅक्टरची एजन्सी होती, त्यामुळे ते अजूनही इंजिन चालू असल्यासारखे मोठ्याने बोलतात.

"योगिनीताई, नंबर टाकलेत, अभिनंदन! पण मला नऊ का?"

"अप्पा, तो नंबर नाही."

"नंबर नाही तर काय माझा फोटो आहे? मी चेअरमन आणि मला नऊ! आणि एक कुणाला दिलाय? नवसाबाईंना. त्यांना तर गाडीसुद्धा नाही!"

नवसाबाई आजी आमच्या पहिल्या मजल्यावरच्या. वय ब्याऐंशी. रोज दहाच्या सुमाराला स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन खाली येतात आणि लिफ्टजवळच्या एका ठरलेल्या जागी दिवेलागणीपर्यंत बसतात. त्या तशाच बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी लाल गोलात एक होता.

"मी काही मागायला गेले नव्हते," आजी म्हणाल्या. "पण आलाय तर सोडणार नाही."

घडलं होतं ते असं. गाडीवाले कामावरून आले, त्यांनी गोलातले आकडे बघितले आणि ठराव क्रमांक दोन आठवला. मग प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या जागेवर गाडी घातली आणि चाकाखाली जो आकडा आला तो आपला मानला. तीन जणांना चार आला होता. त्यांनी आपसांत समजुतीने स्केचपेनने चार अ, चार ब, चार क असं करून घेतलं होतं. अकरा वर्षांत या तिघांचं एका वाक्यावर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. सगळ्यात खूश होते बँकेतले धम्मपाल. त्यांना अडीच आला होता.

"माझी स्कूटर एक, मिसेसची एक, मुलाची सायकल अर्धी," ते मला म्हणाले. "अडीच! मॅडम, इतका बारीक हिशेब आजवर कुठल्या कमिटीने केला नव्हता."

त्यांची गाडी चारचाकी होती आणि ती मोजलीच गेली नव्हती, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही. मी वर्गात बोलते त्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, की हे नंबर नाहीत, ही मिलीमीटरमधली उंची आहे. आकडा जितका मोठा तितकी ती जागा वर आलेली. उद्या सकाळी गाड्या काढा, जमीन घासायची आहे.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, समजलं. शिक्षकाला हे वाटतं तेव्हाच सावध व्हायला हवं.

"म्हणजे," अप्पा सावकाश म्हणाले, "माझी जागा सगळ्यात उंच?"

"हो."

"अख्ख्या सोसायटीत?"

"हो, अप्पा."

अप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि खाली वाकून नऊच्या गोलाभोवतीची धूळ हलक्या हाताने पुसली. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "याला कुणी हात लावायचा नाही."

मंगळवारी सकाळी गोटीराम मशीन घेऊन आला तेव्हा एकही गाडी हललेली नव्हती. उलट चार अ, ब आणि क यांची एकी मोडली होती. आमच्या तिघांत जास्त उंच कोण ते बारीक मोजून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. अप्पांनी गाडीच्या मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या.

"साहेब, ते घासावंच लागंल," गोटीराम हात जोडून म्हणाला.

"बाकीच्यांचं घास ना. माझं राहू दे."

"नऊ म्हंजे आजार हाय साहेब, पदवी नाय."

"बरं, सात ठेव."

"सात नाय."

"पाच! आता मी निम्म्यावर आलोय, तू पण थोडा वर ये."

गोटीरामने माझ्याकडे बघितलं. शनिवारला चार दिवस होते आणि त्याचा चेहरा असा उतरला होता, की शेठच्या दारात तो उभा असलेला मला दिसला. चिमणाबाई व्हॅक्यूमच्या नळीवर हनुवटी टेकून हे सगळं ऐकत होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "येवढी शिकलेली मानसं आन बांधाचं भांडान आडव्याचं उभं करून ठेवलंय."

माझं डोकं सटकलं. मी लिफ्टच्या पायरीवर चढले. "ऐका! काम झालं की शनिवारी बाहेरचा एक माणूस येऊन प्रत्येक जागा नव्याने मोजणार आहे. तो जो आकडा सांगेल तो लाल खडूने तुमच्या जागेवर लिहिला जाईल आणि तोच तुमचा कायमचा नंबर. पण दहाच्या आत ज्याची गाडी बाहेर नाही, त्याची जागा मोजली जाणार नाही!"

सात मिनिटांत पार्किंग रिकामं झालं. अप्पा विटा काढायला विसरले आणि विटांवरून गाडी नेताना टाळूपर्यंत हादरले, पण गेले.

पुढचे चार दिवस जे चाललं त्याचं वर्णन करायला मला लाज वाटते. नवे आकडे अमोल साहेब सांगणार असले तरी ते ठरणार गोटीरामच्या हाताने, हे सगळ्यांनी ओळखलं होतं. त्यामुळे त्या दोघांचा पाहुणचार सुरू झाला. धम्मपालांनी मिसळ आणली आणि कानात सांगितलं, "माझा अडीचच ठेवा, घरच्यांना कळवून झालंय." तिन्ही चारांकडून तीन वेगवेगळ्या वेळी कांदाभजी आली. अप्पा पावशेर जिलबी घेऊन मशीनसमोर खुर्ची टाकून बसले आणि आपल्या जागेवरून मशीन फिरायला लागलं, की डोळे मिटून घ्यायचे.

मशीनखाली हिऱ्याचे दात बसवलेल्या तीन ताटल्या होत्या. त्या फिरायला लागल्या की अख्ख्या इमारतीच्या काचा कुरकुरायच्या. मी कॉलेजातून आले की पायरीवर उभी राहून बघायची. करड्या काँक्रीटची वरची साय जायची आणि आतली काळी, तपकिरी खडी दिसू लागायची, गुळगुळीत आणि स्वच्छ. दर थोड्या वेळाने गोटीराम मशीन बंद करायचा, पट्टी ठेवायचा, जमिनीवर गाल टेकून आडवा पडायचा आणि चिमणाबाई पलीकडून पट्टीमागे टॉर्च धरायची. पट्टीखालून उजेड आला की काम बाकी. उजेड बंद झाला की ती टॉर्च विझवायची आणि म्हणायची, "मेला." मग तो उठून पुढच्या गोलाकडे जायचा. अप्पांचा नऊ मरायला दीड दिवस लागला.

"मॅडम," गुरुवारी गोटीराम मला म्हणाला, "ज्याचं खाल्लं त्याच्या पदरात शून्य टाकायचं. पोटात ढवळतंय बगा."

"जिलबीनं ढवळतंय," चिमणाबाई म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी एकच गोल उरला. नवसाबाईंचा. आजी चारही दिवस तिथेच होत्या, तोंडाला पदर लावून, खुर्चीवर. गोटीराम त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"आजी, जरा उठता का? येकच मिलीमीटर हाय. पाच मिन्टाचं काम."

"उठते ना. पण एक सांगू? माझ्या या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. सुनेने पुठ्ठा लावून बघितला, तो सरकतो. नवी खुर्ची आणली, तिच्यात माझी पाठ दुखते. घरात, गच्चीवर, सगळीकडे ही डुगडुगते आणि मला वाटतं मी आता पडते. एवढ्या इमारतीत ही एकच जागा आहे जिथे ती हलत नाही. म्हणून मी इथे बसते. नंबरबिंबर मला काय करायचाय? घास बाबा तू." असं म्हणून त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

गोटीरामने खुर्ची हातात घेतली. पायाखाली बघितलं. ती घासलेल्या जमिनीवर ठेवून हलवली, टक टक वाजली. परत लाल गोलावर ठेवली, आखूड पाय बरोबर उंचवट्यावर आला आणि खुर्ची गप्प झाली. त्याने आजींना हात धरून तिच्यावर बसवलं आणि मशीनची वायर गुंडाळायला लागला.

"गोटीराम," मी म्हटलं, "एक राहिला."

"हां."

"साहेब एक दिसला तर जाणार म्हणाले ना?"

"हां."

"मग?"

"मग आजी कुटं बसंल?"

मी चिमणाबाईकडे बघितलं. मला वाटलं ही तरी ओरडेल. ती व्हॅक्यूमची पिशवी झटकत म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? मीबी तेच म्हननार होते." मला दोघांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भुकटीमुळे आलं असं मी सांगून टाकलं.

शनिवारी बरोबर अकरा वाजता अमोल साहेब आले. चाळिशीचा, घट्ट ओठांचा माणूस. स्वतःची पट्टी गाडीवर बांधून आणली होती. पार्किंगमध्ये सगळी सोसायटी जमलेली, काही जण इस्त्रीचे कपडे घालून. चिमणाबाई लाल खडू घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली.

अमोल साहेबांनी पहिल्या जागेवर पट्टी ठेवली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "शून्य."

चिमणाबाईने गोल काढून त्यात शून्य लिहिलं. चार अ यांनी चष्मा पुसला.

"शून्य," पुढच्या जागेवर साहेब म्हणाले. चार ब. "शून्य." चार क. तिघे एकमेकांकडे बघायला लागले आणि त्यांच्यात पुन्हा समेट होताना मला दिसला. धम्मपालांच्या जागेवर शून्य आलं तेव्हा ते म्हणाले, "सायकलचा अर्धा तरी?" साहेबांनी त्यांच्याकडे फक्त बघितलं.

अप्पांच्या जागेवर साहेबांनी पट्टी उभी ठेवली, आडवी ठेवली, तिरकी ठेवली. अप्पा श्वास रोखून होते. मला क्षणभर त्यांचं वाईट वाटलं.

"शून्य," साहेब म्हणाले. "सुंदर."

अप्पा चिमणाबाईजवळ गेले आणि खालच्या आवाजात बोलले. त्यांचा खालचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. "बाई, माझं शून्य जरा मोठं काढा."

चिमणाबाईने परातीएवढं काढलं. अप्पांनी सगळीकडे एक नजर फिरवली, आपलंच मोठं आहे याची खात्री केली आणि मान हलवली.

सोळा शून्यं झाली. गोटीराम खांबाला टेकून उभा होता आणि साहेबांच्या बुटांकडे बघत होता. बूट लिफ्टकडे वळले. "आजी, एक मिनिट," म्हणत साहेबांनी नवसाबाईंची खुर्ची सरकवली, पट्टी ठेवली आणि बराच वेळ वाकून राहिले.

"एक," ते म्हणाले.

पट्टी काखेत मारून साहेब उठले. "हा राहिला कसा?"

"ऱ्हायला नाय साहेब. ठेवलाय." गोटीरामने सरकवलेली खुर्ची परत लाल गोलावर ठेवली. "तुमी या खुर्चीवर बसा."

साहेबांना बसायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण आजी उभ्या होत्या आणि "बसा हो, बसा," म्हणत होत्या, म्हणून ते बसले. खुर्ची हलली नाही. गोटीरामने त्यांना उठवलं, खुर्ची अप्पांच्या परातीएवढ्या शून्यात नेऊन ठेवली आणि पुन्हा बसवलं. टक. साहेब डावीकडे झुकले. टक. उजवीकडे झुकले. मग स्वतःच उठले, खुर्ची उचलून परत आजींच्या जागी आणली आणि बसून राहिले. पुढे झुकून बघितलं, मागे रेलून बघितलं.

"माझ्या केबिनमधली खुर्ची," ते शेवटी म्हणाले, "चार वर्षं डुगडुगतेय. तीन कारागीर येऊन गेले. तिघांनी खुर्चीच तपासली. खाली कुणी वाकलं नाही."

गोटीरामने मान डोलावली.

"सोमवारी या. गोडाऊनात चाळीस हजार फूट, सगळं शून्य. एकही चालणार नाही." साहेब उठले आणि आजींना खुर्ची पुढे केली. "पण आधी माझ्या केबिनमध्ये या."

गोटीराम होता तिथेच मटकन खाली बसला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यात जोरात. चिमणाबाईने त्याला व्हॅक्यूमच्या नळीने ढोसलं. "उठा आता. टेंपोवाला खोळंबलाय," ती म्हणाली, आणि तिच्या गालावरच्या भुकटीत दोन ओल्या रेघा होत्या.

पुढच्या आठवड्यात जमिनीला रंगाचा थर दिला. ठरावाप्रमाणे त्यावर पांढऱ्या रंगात कायमचे नंबर टाकले. सोळा शून्यं आणि एक एक. पाहुणे विचारतात गाडी कुठे लावू, आम्ही सांगतो, शून्यात लावा. भांडणं बंद आहेत.

अप्पांचं मन मात्र त्या एकावरून उठत नव्हतं. सोसायटीत एकच नंबर आणि तो चेअरमनकडे नाही. परवा संध्याकाळी त्यांनी आजींना विचारलं, आजी, बदली करता का? आजी म्हणाल्या, तुमची खुर्ची आणून बसून बघा, पटली तर घ्या. अप्पांनी घरातली शिसवी लाकडाची, चांगली वजनदार खुर्ची खाली आणवली आणि आजींच्या जागी ठेवून ऐटीत बसले. त्या खुर्चीचे चारही पाय अगदी सारखे आहेत.

टक, खुर्ची वाजली. अप्पांनी सावरून घेतलं. टक. ते उठले, खुर्ची उचलली आणि आपल्या मोठ्या शून्यात नेऊन ठेवली. तिथे ती हलली नाही. आता रोज संध्याकाळी दोघं आपापल्या जागी बसतात आणि तिथूनच एकमेकांशी बोलतात. आजींना ऐकू कमी येतं, पण अप्पांचं सगळं ऐकू येतं.